उंच गाडी, बसकी गाडी

गाडीमागे जोडलेला होडीचा ट्रेलर मागे घेणं हे काम ज्यांनी कधी केलं नाही, त्यांना त्यातली मेख सांगून कळायची नाही. गाडीचं तोंड एकीकडे वळवलं की ट्रेलरचं शेपूट भलतीकडेच जातं, आणि घाबरून चाक जास्त फिरवलं तर गाडी आणि ट्रेलर भांडायला उभे राहिल्यासारखे एकमेकांत अडकून बसतात. आमच्या तलावाच्या धक्क्यावर भले भले पुरुष यात घामाघूम झालेले मी पाहिलेत. बायको खाली उभी राहून हातवारे करते, नवरा खिडकीतून डोकं काढून तिच्यावरच खेकसतो, आणि मागे गाड्यांची रांग लागते. मग कोणीतरी म्हणायचं, "वहिनींना बोलवा."

वहिनी यायच्या, ओढणीला हात पुसायच्या, त्या अनोळखी गाडीत बसायच्या आणि झोपलेलं मूल अंथरुणावर ठेवावं तसा ट्रेलर पाण्यात नेऊन ठेवायच्या. उतरताना एवढंच म्हणायच्या, "घाई केलीत की तो ऐकत नाही."

त्या खरं तर धाकट्याच्या वहिनी. धाकटा म्हणजे मिस्त्रींचा लहान भाऊ. तो दिवसभर "वहिनी, वहिनी" करत फिरायचा, म्हणून त्या सगळ्या धक्क्याच्या वहिनी झाल्या. मिस्त्री होड्या दुरुस्त करायचे, लाकडी आणि फायबरच्याही. धाकटा इंजिनांचं बघायचा. आणि होड्या लोकांकडून आणायच्या, पाण्यातून काढायच्या, पुन्हा पाण्यात सोडायच्या, हे सगळं ओढण्याचं काम वहिनींचं. मी त्यांच्या शेजारच्या शेडमध्ये होड्यांवर घालायच्या ताडपत्र्या शिवते. तेव्हा मध्ये पत्र्याची भिंत होती, त्यामुळे त्यांच्याकडचं बरंचसं मला न विचारता कळायचं.

वहिनी गाडी चालवणार आणि मिस्त्री शेजारी बसणार, हे त्यांचं लग्नापासूनचं. मिस्त्रींना गाडी चालवायचा कंटाळा. ते शेजारी बसून बोलायचे. गिऱ्हाईक कसं आहे, लाकूड कसलं मिळालं, मुलीच्या सासरी काय म्हणतात. वहिनी "हं" म्हणायच्या आणि आरशात बघायच्या. घरात ही दोघं एवढं बोलताना मला कधी दिसली नाहीत. गाडी होती वॅगन. बसकी, लांबलचक, मागचं दार वर उचललं की आत माणूस पाय पसरून झोपेल एवढी जागा. तिचा मूळचा रंग कोणाच्याच लक्षात नव्हता.

मग एक दिवस दुरुस्तीसाठी लाकडी घोड्यांवर, म्हणजे उंच टेकूंवर, चढवलेली होडी सरकली आणि मिस्त्रींच्या कमरेवर आली. जीव वाचला, पण उजव्या खुब्याचं जे व्हायचं ते झालं. काठी आली. उजवा पाय वीतभर उचलायचा तरी त्यांचे ओठ आवळले जायचे. वॅगनमध्ये मात्र त्यांना बसता यायचं. आधी पाठमोरं होऊन सीटवर टेकायचं, मग हाताने पाय उचलून आत घ्यायचा. जड काम सुटलं, तरी होडीवर हात फिरवून दुखणं ओळखणं, गिऱ्हाइकाशी बोलणं, हे चालूच राहिलं. ते गाडीत बसून कामावर जात होते, म्हणून ते अजून मिस्त्री होते.

आणि मग त्या वॅगनचा तळ गंजून गेला. तिला तपासून मेकॅनिक म्हणाला, "वहिनी, आता खाली पाय सोडून पळत चालवावी लागेल." सगळे हसले. वहिनी हसल्या नाहीत.

धाकट्याचं ठरलेलं होतं. "जीप घ्यायची. मोठी. चारही चाकांना जोर असणारी." आणि त्याचं चुकत नव्हतं, हे मला आधीच सांगायला हवं. तलावाचं पाणी दरवर्षी थोडं थोडं खाली जात होतं. धक्क्याचा सिमेंटचा उतार जिथे संपायचा, त्याच्याखाली आता नुसता गाळ होता. होड्याही बदलल्या होत्या. पूर्वी वल्ह्यांच्या आणि लहान इंजिनाच्या असायच्या, आता लोक आत झोपायला खोली असलेल्या होड्या घ्यायला लागले होते. एकेक होडी म्हणजे घरच. "ते गिऱ्हाईक सोडलं तर आपण काय, खेळण्यातल्या होड्या रंगवत बसायचं?" धाकटा म्हणायचा.

ते तिघे जीप बघायला गेले. तिथला प्रकार वहिनींनीच मला नंतर सांगितला. चांगली दणकट, काळी जीप होती. चढायला बाजूला लोखंडी पायरी, पण ती पायरीच मिस्त्रींच्या गुडघ्याएवढी. विकणारा मुलगा सभ्य होता, त्याने आधार दिला. धाकट्याने मागून धरलं. मिस्त्रींनी पायरीवर डावा पाय ठेवला, उजवा उचलायला गेले आणि मध्येच लटकले. ना वर, ना खाली. शेवटी दोघांनी मिळून त्यांना पोत्यासारखं आत ढकललं. वर बसल्यावर त्यांनी समोरच्या काचेतून बाहेर बघितलं, कपाळावरचा घाम पुसला आणि म्हणाले, "छान दिसतं इथून. हीच घ्या."

"आणि तुम्ही रोज कसे चढणार?" वहिनींनी विचारलं.

"मी कशाला रोज चढतोय? मी घरी बसेन. बसायचं वय झालंच आहे."

शेडवर परत आल्यावर त्यावरून वाजलं. पत्र्याच्या भिंतीपलीकडे मिस्त्रींचा आवाज चढला. "माझ्या एका पायापायी सगळ्यांनी उपाशी मरायचं का? तू मला दया दाखवू नकोस!" वहिनी म्हणाल्या, "दया कोण दाखवतंय? मला ती उंच गाडी आवडली नाही. वाऱ्यावर डोलते." त्यावर धाकटा हसला. "वहिनी, तीन होड्या बांधल्या तरी ती डोलायची नाही."

त्याच सुमाराला एका गॅरेजवाल्याकडे दुसरी वॅगन विकायला आली. पांढरी, आधीच्या मालकाने जपलेली. वहिनींनी ती एका दिवसासाठी मागून आणली. म्हणाल्या, "ओढते का बघू. नाही ओढली तर जीप."

दातांच्या डॉक्टरांची खोलीवाली होडी त्या दिवशी पाण्यातून काढायची होती. तिची ताडपत्री मीच शिवलेली, माप बघायला मीही धक्क्यावर गेले होते. धाकट्याने आधीच सांगितलं, "वहिनी, या गाडीच्या मानाने ही जड आहे. दुसऱ्या होडीवर बघा."

"हीच तर ओढायची आहे ना पुढे? मग हिच्यावरच बघू," वहिनी म्हणाल्या. मिस्त्री शेजारी बसलेले होते. खूप दिवसांनी त्यांचा चेहरा उजळ दिसत होता, कारण त्या गाडीत ते कोणाच्या मदतीशिवाय बसले होते.

वहिनींनी ट्रेलर मागे घेतला, सिमेंट संपलं त्याच्याही खाली. होडी ट्रेलरवर ओढून घेतली, पट्टे आवळले. धाकटा मांडीभर पाण्यात उभा होता. "चला," त्याने हात केला.

गाडी हातभर चढली आणि थांबली. त्या गाडीत ओढायचं काम पुढच्या चाकांचं. होडीच्या वजनाने शेपटी खाली दबली, तोंड वर उचललं गेलं, आणि पुढची चाकं नुसती जागच्या जागी फिरायला लागली. गाळ उडून माझ्या पायांवर आला. वहिनींनी दाब कमी केला, पुन्हा दिला. चाकं पुन्हा फिरली, आणि मग गाडी मागे सरकायला लागली.

ब्रेक दाबलेला होता. ते मला दिसत होतं, मागचे लाल दिवे जळत होते. चाकं फिरत नव्हती, तरी गाडी जात होती, साबण लावलेल्या फरशीवरून जावी तशी. सावकाश. एवढी सावकाश की आधी कोणाला ओरडायचंही सुचलं नाही. मागचा बंपर पाण्यात गेला. मग मागची चाकं. मिस्त्रींच्या बाजूचं दार पाण्याला टेकलं.

खिडक्या उघड्या होत्या. मिस्त्री म्हणाले ते मी ऐकलं. "तू उतर."

"गप्प बसा."

"अगं उतर! मला उतरता येत नाही, तुला येतंय ना!"

वहिनी उतरल्या नाहीत. दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून आरशात बघत राहिल्या. धाकट्याने धावत वर येऊन माझ्या हातातला ताडपत्री कापायचा सुरा हिसकावला, पुन्हा पाण्यात घुसला, मागचे पट्टे कापले आणि होडीला ट्रेलरवर धरून ठेवणाऱ्या पुढच्या दोराच्या चक्रीची कळ दगडाने ठोकून काढली. होडी झटक्यात मागे सरकली आणि पाण्यात पडली. ट्रेलर हलका झाला. गाडी थांबली.

नंतर एका मासेवाल्याने त्याची जीप आणून दोराने वॅगन वर ओढली. डॉक्टरांची होडी तोवर वाऱ्याने जाऊन धक्क्याच्या दगडांवर आपटली होती. बाजू फुटली, काच गेली. मिस्त्रींना आम्ही उतरवलं तेव्हा त्यांच्या बुटांतून पाणी येत होतं. धाकट्याच्या तळहाताला खोल कापलं होतं, त्याला ते कळलंही नव्हतं.

सगळा धक्का धरून चालला की आता जीप येणार. मिस्त्रीही म्हणाले, "संपला विषय." धाकट्याने जीपवाल्याला फोनही केला. आणि वहिनी एका सकाळी गेल्या आणि तीच पांढरी वॅगन घेऊन आल्या.

धाकटा शेडच्या दारात उभा राहून नुसता बघत राहिला. "वहिनी, अजून डोळे उघडले नाहीत?"

"यांना उंच गाडीत चढता येत नाही," वहिनी म्हणाल्या. "त्यांना मी घरी बसवणार नाही. मोठ्या होड्या घ्यायच्या नाहीत आपण. लहान घेऊ."

"हे तुम्ही एकट्यांनी ठरवलंत?"

"हो."

तो दादाकडे वळला. मिस्त्री मान खाली घालून रंधा पुसत होते. धाकट्याने त्याची हत्यारं एका फडक्यात गुंडाळली. हाताला अजून पट्टी होती, त्यामुळे गाठ बांधायला वेळ लागला. वहिनी मदतीला पुढे झाल्या तर म्हणाला, "राहू द्या." पुढच्या महिन्यात त्याने स्वतःची जीप घेतली, धक्क्याच्या दुसऱ्या टोकाला जागा घेतली, आणि मोठ्या होड्यांचं सगळं गिऱ्हाईक तिकडे गेलं. डॉक्टरांची फुटकी होडीही त्यानेच नीट करून दिली.

आणि मिस्त्री? ज्यांच्यासाठी गाडी आली, ते गाडीत बसेनात. वहिनी बोलवायच्या, "चला, जायचंय." ते म्हणायचे, "तू जा." एकदा माझ्याशी बोलताना त्यांच्या तोंडून निघून गेलं, "माझ्या पायाला गाडी मिळाली आणि माझा भाऊ गेला. कोणी मागितली होती गाडी?" वहिनींबद्दल त्यांच्या मनात अढी बसली ती बसलीच. जेवायला वाढलं की जेवायचे, विचारलं की उत्तर द्यायचे. बाकी ढिम्म.

वहिनी एकट्या जायच्या, एकट्या यायच्या. त्या दिवसांत एक गोष्ट माझ्या लक्षात यायला लागली. त्या ट्रेलर मागे घेतच नव्हत्या. शेडच्या फाटकापाशी आल्या की रस्त्यावरच ट्रेलर सोडवायच्या आणि हाताने ढकलत आत न्यायच्या. पाठ मोडेस्तोवर. होडी आणायला जायचं तर आधी फोनवर विचारायच्या, गाडी सरळ आत येऊन सरळ बाहेर जाईल ना? मला वाटलं, मिस्त्रींच्या अबोल्याने त्यांचं चित्त थाऱ्यावर नाही. मी काही विचारलं नाही. अशा गोष्टी विचारायच्या कशा?

एका दुपारी रस्त्यात ट्रेलर सोडवायला जागाच नव्हती. समोर एक ट्रक येऊन उभा राहिला होता, त्याला पुढे जायचं होतं. वहिनींना मागे घेण्यावाचून गत्यंतर नव्हतं. त्यांनी गाडी मागे घेतली, ट्रेलर वाकडा गेला. पुढे घेतली, पुन्हा मागे. पुन्हा वाकडा. ट्रकवाला भोंगा वाजवायला लागला. आमच्या वहिनी, आणि ट्रेलर फाटकात जाईना! मी मशीन थांबवून दारात आले. वहिनी गाडीतून उतरल्या, दार तसंच सताड उघडं टाकलं, आणि शेडमध्ये जाऊन खाली फळ्यांच्या ढिगावर बसल्या.

पत्र्यापलीकडून मिस्त्रींचा आवाज आला. "काय झालं?"

"जमत नाही."

"काय जमत नाही?"

"मागे घेता येत नाही मला. त्या दिवसापासून. आरशात बघितलं की पाणी वर येताना दिसतं." मग त्या म्हणाल्या, "जीप घेतली असती तर रोज त्या उतारावर, त्या गाळात जावं लागलं असतं. मी नसते गेले. मेले असते तरी नसते गेले. पण सांगू कोणाला? सगळा धक्का मला हाक मारतो, त्यांना सांगू की मला भीती वाटते? म्हणून तुमचा पाय पुढे केला. सगळ्यांना पटलं."

ट्रकवाला भोंगा वाजवतच होता.

"म्हणजे गाडी माझ्यासाठी नव्हती," मिस्त्री म्हणाले.

"नव्हती. पण तुम्ही शेजारी हवे होतात, ते खरं आहे. ते माझ्यासाठीच."

"आणि हे धाकट्याला सांगितलं असतंस तर तो गेला असता का? त्याने पाण्यात उडी मारली होती आपल्यासाठी. उतारावरची गाडी त्याने चालवली असती, आपण दोघांनी बाकीचं बघितलं असतं."

"माहीत आहे मला," वहिनी म्हणाल्या. "रोज तेच माहीत असतं."

मिस्त्री रागावतील असं मला वाटलं, आणि ते रागावलेही असतील. माणूस आपल्या दुखऱ्या पायाचं ओझं वाहत असतो, आणि त्यात कळतं की दुसऱ्याने त्याच पायाआड लपून दिवस काढले. पण मला काठीचा आवाज आला, ठक ठक. ते बाहेर आले, गाडीच्या पलीकडच्या बाजूला गेले, पाठमोरे होऊन टेकले आणि हाताने पाय उचलून आत घेतला. मग खिडकीतून ओरडले, "अगं ये! तो माणूस केव्हाचा ताटकळलाय."

वहिनी डोळे पुसत आल्या. मिस्त्रींनी ट्रेलरचं नावही काढलं नाही. मुलीच्या घरी नळ गळतोय आणि जावईबापू भांडं लावून बसलेत, ही हकिकत ते सांगत राहिले. वहिनी "हं, हं" करत राहिल्या. फाटकाच्या खांबाला मागचा दिवा लागून फुटला, पण ट्रेलर आत गेला. ट्रकवाल्याने जाता जाता त्यांना जे काही म्हटलं ते लिहिण्यासारखं नाही.

त्यानंतर वहिनी स्वतः होऊन धाकट्याकडे गेल्या. सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, वहिनींना चहा दिला आणि म्हणाला, "तेव्हा सांगायचं होतंत, वहिनी." तोवर त्याने दोन माणसं कामाला ठेवली होती आणि मोठी शेड बांधायला घेतली होती. परत येण्यासारखं काही राहिलं नव्हतं, आणि ते त्या दोघांनाही दिसत होतं. लाकडाचं काही अडलं की तो आता दादाला विचारायला येतो. दारातच उभा राहतो, बसत नाही. मिस्त्री बस म्हणतात, तो म्हणतो, "नको, गाडी चालू ठेवलीय."

काम निम्म्याहून कमी झालं. वल्ह्यांच्या होड्या, शाळेच्या क्लबच्या होड्या, वरच्या बाजूला जिथे काठ सपाट आहे तिथल्या लोकांच्या लहान होड्या. शेडचा रिकामा झालेला भाग त्यांनी मला दिला. मध्ये पत्रा होता तिथे आता माझं कापायचं टेबल आहे. मला जागा हवीच होती, तरी पहिले काही दिवस तिथे कात्री चालवताना हात जड व्हायचा. त्या सिमेंटच्या उताराकडे वहिनी पुन्हा गेल्या नाहीत. त्या रस्त्याने जायची वेळ आली की लांबच्या वळणाने जातात. कोणी विचारलं तर आता सरळ सांगतात, "मला भीती वाटते तिथे." लोकांना आधी ती थट्टाच वाटायची.

मिस्त्रींचा खुबा आणखी बिघडलाय. डॉक्टर ऑपरेशनचं म्हणतात, मिस्त्री आज-उद्या करतात. पण गाडीत बसतात.

मागच्या आठवड्यात एका लहान होडीला ताडपत्री बसवायला मी त्यांच्याबरोबर गेले होते. मागच्या सीटवर कापडाच्या गठ्ठ्यांत अडकून बसले होते. मिस्त्री कुठल्याशा गिऱ्हाइकाची टर उडवत होते, वहिनी हसत होत्या. मग घाट उतरायचा रस्ता आला. मागे होडी, पुढे उतार. मिस्त्री बोलता बोलता थांबले. वहिनींचे दोन्ही हात स्टिअरिंगवर आवळले गेले. तळाशी रस्ता सपाट होईपर्यंत गाडीत कोणी अवाक्षर काढलं नाही. मग दोघेही एकदमच बोलायला लागले, दोघेही थांबले, आणि वहिनी म्हणाल्या, "सांगा तुम्ही. काय म्हणत होता तो?"